दुसऱ्या भागाचे डाग

मित्रांनो, मी एक जुना दुसरा भाग आहे. हसू नका! दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्रजी कादंबरी बहुधा तीन भागांत निघायची, म्हणजे घरातल्या एकीच्या हाती पहिला असला की दुसरीला मी मिळायचो. थोरल्याला मान, धाकट्याचे लाड आणि मधल्याने राबायचं, हे पुस्तकांतही असतं. पण खरी भांडणं आणि रडारड सगळी माझ्याच पोटात!

तेव्हा पानं कडेला जोडलेलीच यायची. वाचणाऱ्याने चाकूने कापत पुढे जायचं. तिकडे इंग्लंडात माझ्या मालकीणबाईंनी मला असंच उघडलं. त्यांचं वाचून झालं, की मी गुपचूप स्वयंपाकघरात जायचो. एक मोलकरीण मोठ्याने वाचायची, बाकीच्या भांडी घासता घासता ऐकायच्या. तेलकट बोटं लागायची, मेणबत्तीचं मेण गळायचं. एवढं कौतुक मला दिवाणखान्यात कधी मिळालं नाही.

पुढे माझी दोन्ही भावंडं हरवली आणि मी जहाजाने इकडे येऊन एका कॉलेजच्या ग्रंथालयात धूळ खात पडलो. शेवटी ग्रंथपालांनी मला रद्दीत काढलं. नेमकी तेव्हाच एक विद्यार्थिनी मला शोधत आली. त्या काळी कादंबऱ्या कोण वाचत होतं, यावर तिचा प्रबंध होता. नोकरमाणसंही वाचायची, असं तिचं म्हणणं. "पुरावा आण, नाहीतर ते प्रकरण गाळ," असं तिच्या मॅडमनी बजावलं होतं.

ग्रंथपाल मनाने चांगले. "थांब, याला जरा माणसात आणून देतो," म्हणत त्यांनी एका हातात खोडरबर घेतलं आणि दुसऱ्या हातात चाकू. माझी काही पानं अजून जोडलेलीच होती ना!

"काका, नको!" ती ओरडलीच. "अहो, हा मळच तर हवाय मला!"

मॅडम आल्या. तिने एकेक पान दाखवलं. मेजवानीचं प्रकरण स्वच्छ. धर्मगुरूंचा उपदेश तर कुणी कापलाही नव्हता. पण चोरीचा आळ घेऊन मोलकरणीला घराबाहेर काढतात, त्या पानावर तेलाचे डाग, मेणाचे थेंब आणि अंगठ्यांचे ठसे, लहान-मोठे, एकावर एक.

मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "उपदेश मीही सोडूनच दिला होता गं," त्या हसल्या. "राहू दे तुझं प्रकरण."

मला काचेच्या कपाटात बसवलं. मी तिथे जरा जास्तच ताठ बसतो, असं शेजारी म्हणतात. म्हणू देत.

मित्रांनो, पुस्तकांवरची धूळ जरूर झटका. पण जुन्या पानावरचा डाग पुसण्याआधी क्षणभर थांबा. त्या बायकांची नावं कुणी कुठे लिहून ठेवली नाहीत. त्या वाचत होत्या, एवढं सांगायला आता मीच उरलो आहे.