मचव्यावरचं बहुमत

मित्रांनो, तुम्हाला मी घसरगुंडी वाटतो आणि कोंबड्यांना आडोसा. खरं तर मी एक जुना मचवा आहे, म्हणजे एका डोलकाठीची मोठी होडी. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी सुताराने ऐनाच्या फळ्या जोडून मला घडवलं, सांध्यांत कापूस नि राळ ठासली. मी मासे वाहिले, कौलं वाहिली, एकदा नवरीही वाहिली. वजन हीच माझी विद्या. कोण कुठे बसलं आणि खोटं बोलताना कोणी पाय बदलला, हे मला फळ्यांतून कळतं.

माझा तांडेल शिवा. दहा वर्षं सुकाणू त्याच्याच हातात होतं. एका धुक्याच्या संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी मी खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर आदळलो. खडपावर दिवा नव्हता. खलाशी पोहत आले, मला दोरांनी ओढून आणलं. शिवा आला नाही.

त्याची बायको गोदा त्या खडपावर दिवा मागत सहा वर्षं ग्रामपंचायतीत अर्ज देत राहिली. शेवटी तिने निवडणुकीचाच अर्ज भरला आणि कोणाच्याही पॅनेलशिवाय निवडून आली.

ते १९८९ साल. सभासद अकरा. वरच्या वाडीच्या आप्पांचे पाच, बंदरावरच्या भागोजीचे त्याच्यासकट चार आणि दोन सुटे: गोदा आणि शिवाचा जुना खलाशी खंडू. सरपंच सभासदांनीच निवडायचा. ज्याच्याकडे सहा हात, त्याला खुर्ची. भागोजीने दोघा सुट्यांशी युती केली. खंडूला उपसरपंचपद कबूल केलं, गोदाला दिवा. आप्पांनी कोणाला फोडू नये म्हणून निवडीपर्यंत तीन दिवस सहाही जण माझ्यावर येऊन बसले आणि मला खाडीत मधोमध नांगरलं.

ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्या होत्या. दिल्लीतही कोणाला बहुमत नव्हतं.

"त्यांनाबी मचव्यात बसवलंय काय रे?" खंडूने विचारलं.

"त्यांना बंगले हायत," भागोजी म्हणाला. "तू मासा खा, उपसरपंच."

मित्रांनो, आमच्या बंदरात पाण्यावर माणसं मोजत नाहीत. निघण्याआधी मोजा, परतल्यावर मोजा, पाण्यावर नाही. भागोजीला हे बापाने शिकवलं होतं. पण बहुमत एका हाताचं असलं की मोजणाऱ्या बोटांना खाज सुटते. दुसऱ्या सकाळी दाट धुक्यात त्याने डोकी मोजली. सात भरली.

पुन्हा मोजली. सातच.

"आप्पांचा माणूस घुसलाय," तो पुटपुटला. त्याने एकेकाला नावाने हाक मारली. पाच हाकांना पाच 'ओ' आल्या, सहावा तो स्वतः. मोजलं की मात्र सात.

मला मोजायची गरज नव्हती. सुकाणूजवळची फळी दबलेली होती. तिथे कोणी दिसत नव्हतं, पण फळी ओली होती. वारा पडलेला असताना सुकाणू हळूहळू वळत होतं, खडपापासून लांब.

खंडूच्या हातातला घास गळला. "मना उतरवा! खड्ड्यात गेली उपसरपंचकी. मी आप्पांकडं जातो. त्यांचं आंगण तरी सुकं हाय."

खंडू गेला असता तर इकडे पाच, तिकडे सहा. दिव्याची गोष्टच संपली असती. गोदा उठली. तिने भात वाढला, वर माशाची आमटी ओतली आणि ताट त्या ओल्या फळीवर ठेवलं.

"बस, खंडूभाऊ. तो कुणाला न्यायला नाय आला. त्याला घरची वाट दिसत नाय."

"कोण, वयनी?"

"त्याच्या ताटातला मासा पळवायचास, तेव्हा नाय विचारलंस कोण ते."

खंडू बसला, पाय पोटाशी घेऊन. भागोजीने मोजणारी बोटं मुठीत लपवली. "वयनी, पयल्याच सभेत दिव्याचा ठराव. वचन हाय माजं."

"वचन नको, दादा. आता लिवा, सगळ्यांनी सह्या करा. आणि पुन्हा मोजू नका."

कागद नव्हता, म्हणून ट्रान्झिस्टरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरच ठराव लिहिला गेला. खंडूची सही माशाच्या काट्यासारखी उमटली.

तिसऱ्या दिवशी सहा विरुद्ध पाच मतांनी भागोजी सरपंच झाला. खुर्ची गरम होताच म्हणाला, "दिव्याचं फुडल्या वर्षी बघू." गोदाने सह्यांचं ते खोकं सभेच्या टेबलावर ठेवलं. शिमग्याआधी खडपावर खांब उभा राहिला.

पहिल्यांदा दिवा लागला त्या संध्याकाळी मी किनाऱ्याशी बांधलेला होतो आणि गोदा माझ्यात एकटीच बसली होती. उजेड पाण्यावर पसरला आणि सुकाणूजवळची फळी करकरत वर आली. गोदाने तिच्यावर हात फिरवला. फळी कोरडी होती.

"उतरलास?" तिने विचारलं.

तिला हवं ते मिळालं होतं. तरी ती बराच वेळ उठली नाही.

दुसऱ्या दिवशी भागोजी गोड बोलत आला. "वयनी, उद्याच्या सभेत हात हाय ना आमच्या बाजूला?"

"बंदरावर नळ येणार असेल तर हाय."

मित्रांनो, आता मला कोणी तेल लावत नाही. माझ्या फळ्या उकलल्यात, त्याचं मला फारसं काही नाही. पण तुम्ही खडपावरच्या दिव्यावर दगडांचा नेम धरता, तेवढं सोडा. संध्याकाळी अजून कोणी ना कोणी बाहेर असतं. काच तडकलीच तर पंचायतीत सांगा. पंचायत ऐकत नसेल तर गोदाबाईंना सांगा. त्या आता काठी टेकत चालतात, पण सभा चुकवत नाहीत.