खिशातली खुळखुळ

मी हंबीररावांच्या खिशातली डबी बोलतेय. जन्मानं पितळेची, पेशानं तंबाखूची. पलटणीतून ते तासगावला परतले, तेही मला घेऊनच.

पुढे सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना रक्तदाब सांगितला. तंबाखू बंद झाली. त्यांच्या पत्नी चंद्राबाईंनी मला राखेनं घासलं आणि माझ्या पोटात गोळ्या भरल्या. वास काही गेला नाही. त्यामुळे हंबीरराव गोळी मोठ्या आवडीनं खात.

पहिली गोळी सर्पगंधेची. आकडा उतरेना, म्हणून जोडीला लघवीची. दवाखान्यातल्या बाकावर सगळ्यांना हीच जोडी.

"तुमाला बी ह्याच?" शेजारचा विचारी.

"व्हय. म्हंजी आपुन सोयरंच की!"

गंमत अशी, की घरी ते गोळ्या नेमानं घेत. पण सांगलीला जायचं ठरलं, की दोन दिवस आधीपासून त्या माझ्याच पोटात राहत. डॉक्टर पट्टा आवळत. पारा वर!

"गोळ्या घेता ना?"

"रोज, सायेब."

मग डॉक्टर मात्रा वाढवत. घरी वाढीव मात्रा सुरू झाली आणि एका दुपारी हंबीरराव द्राक्षाच्या मांडवाखाली घेरी येऊन पडले. चंद्राबाईंनी पदरानं वारा घातला. पुढच्या खेपेला त्याही बरोबर निघाल्या.

त्या दिवशीही पारा वरच. डॉक्टरांनी तिसरी गोळी लिहायला पेन उघडलं. "थांबा, छाती तपासतो. सदरा वर करा."

सदरा हलला आणि मी खुळखुळले.

"खिशात काय आहे?"

"तंबाखूची डबी, सायेब."

"तंबाखू वाजते?"

चंद्राबाईंनी मला ओढून काढलं, उघडलं. "आवं, ह्या काय खेळायला ठेवल्यात?"

हंबीररावांनी मान खाली घातली. "सायेब, गोळी घेतली की सारखं उठावं लागतं. यश्टी मधी थांबत न्हाई. आन् कंडक्टर पडला जावयाच्या गावचा, त्येला थांबव म्हनाया लाज वाटती. कोनती गोळी उठवती कळंना, म्हून समद्याच बंद."

डॉक्टरांनी पेन मिटलं. हसू आवरत त्यांनी वाढवलेली मात्रा उतरवली. "इथं यायच्या दिवशी लघवीची गोळी घरी परतल्यावर घ्या. दुसरी चुकवायची नाही."

पुढे हंबीरराव गेले. वयानं गेले, मांडवाखाली पडून नव्हे. आता माझ्या पोटात चंद्राबाईंच्या गोळ्या असतात. डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्या मला टेबलावर उघडून ठेवतात.

घरी मात्र, कुणी नसताना, मला नाकाशी धरतात. तंबाखूचा वास अजून आहे. कुणी मला पुन्हा राखेनं घासू नये, एवढंच मागणं.