तळवड्याचा राणीछाप रुपया

मी राणीछाप रुपया बोलतोय. टांकसाळीतून निघालो तेव्हा राणीचं नाक चांगलं धारदार होतं. कितीतरी वर्षं माणसांच्या हातांतून फिरलो आणि ते झिजून सपाट झालं. कुणी मला दगडावर वाजवून बघे, कुणी दाताखाली धरे. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. फिरत होतो, कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

मग तळवड्याच्या चिमाजी लोहाराकडे आलो आणि थांबलो.

चिमाजीचा नोटांवर भरवसा नव्हता. झिजलेले चांदीचे रुपये तो आवडीनं घ्यायचा आणि एका कापडी कशात, म्हणजे पैशांच्या पिशवीत, बांधून ठेवायचा. पिंपरीला कारखाने उभे राहत होते. चांदी चढली की रस्त्याकडेला जागा घ्यायची आणि एकुलत्या गेनूला दुकान टाकून द्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. घणाच्या आवाजानं त्याचे कान गेले होते, त्यामुळे नाणं वाजवून पारखणं त्याला जमत नसे. तो कसा उघडत नसे. नुसता उचलून वजन बघे आणि परत ठेवी.

गेनूला खोकला लागला. त्याची आई गोजाबाई नवऱ्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "पोराला पुण्याच्या दवाखान्यात न्या. चांदी मोडा."

"जरा भाव चढू दे. खोकलाच हाय, जाईल."

खोकला गेला नाही. मग गोजाबाईनं गुपचूप कशाची गाठ सोडली. एकेक चांदीचा रुपया ती चिंचवडच्या सराफाला विके, त्याच्या जागी निकेलचा नवा रुपया ठेवी आणि वर उरेल त्यातून वैद्याचं औषध आणी. माझे सोबती असे एकेक करून गेले. वजन तेवढंच राहिलं.

एके सकाळी गेनूच्या थुंकीत रक्त दिसलं. चिमाजी कसा उचलून तडक सराफाकडे गेला.

सराफानं आम्हाला पेढीवर ओतलं. "चिमाजी, यात चांदीचा एकच आहे." त्याला ऐकू गेलं नाही. सराफानं मला बाजूला सारून दाखवलं, तेव्हा तो खाली बसला.

त्यानं गेनूला तरीही पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. पंधरवड्यात गेनू गेला.

दहावं-तेरावं झाल्यावर चिमाजीनं मला बायकोपुढे धरलं. "ह्यो एकच का ठिवलास?"

गोजाबाई त्याच्या कानाशी वाकली. "बारशाला तुमी त्याच्या मुठीत दिला व्हता. न्हाई इकवला."

 चिमाजीनं मला तिच्या हातात दिलं आणि भात्याजवळ जाऊन बसला. भाता मात्र ओढला नाही.

आता मी तिच्या पेटीत, काळा पडून आहे. ती मला घासत नाही, मोडतही नाही. मी ज्याच्या हाती लागेन त्याला एवढंच सांगणं आहे: घरात कुणी खोकत असेल, तर माझा भाव बघत बसू नका.