ताडकळसचा ताफा

आमच्या ताफ्यात तीनच माणसं होती. माझा थोरला भाऊ सांबप्पा सनई वाजवायचा, भुजंग हलगी वाजवायचा आणि मी, शिवलिंग, सूर धरायचो. सूर धरणाऱ्याच्या वाट्याला गाणं नसतं. दुसरी सनई तोंडाला लावून एकच स्वर फुंकत राहायचं. श्वास नाकानं घ्यायचा, पण आवाज तुटू द्यायचा नाही.

आम्ही लिंगायत गुरव. ताडकळसच्या महादेवापुढं सकाळ-संध्याकाळ वाजवणं हे आमच्या घरचं काम. भुजंग मांगवाड्यातला. गुरवानं आणि मांगानं एका ताफ्यात वाजवावं हे गावाला रुचलं नव्हतं. पण पोखर्णीच्या नृसिंहाच्या जत्रेत लोकांनी तिघांना एकत्र ऐकलं आणि कुरकूर कमी झाली. सांबप्पाची सनई कुठून कुठं जाईल याचा नेम नसे. खुद्द त्यालाही तो नसे. भुजंगला मात्र कळायचं. सनई वळायच्या आधी त्याची हलगी त्या वळणावर जाऊन उभी असायची. असं वाजवणारी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. आणि ताडकळस, पूर्णा, पोखर्णी एवढा मुलूख सोडला तर आमचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

एक्केचाळीस सालच्या माघात गावातल्या माणिकरावांच्या मुलीचं लग्न निघालं. मुलाचे वडील दिनकरराव देशमुख, पाच कोसांवरच्या एका वाडीचे मालक. त्यांनी थेट हैदराबादहून ब्यांड आणला होता. अठरा माणसं, लाल कोट, उन्हात चमकणारे पितळी कर्णे. मुलीकडून आम्ही तिघं. वऱ्हाड वेशीवर आलं की दोन्हीकडचे बाजे एकमेकांना भिडायचे, अशी आमच्याकडची रीत होती.

ब्यांड आधी वाजला. कानठळ्या बसल्या लोकांच्या. मग भुजंगनं कडबा पेटवून हलगी शेकली, मी सूर धरला आणि सांबप्पानं सनई ओठाला लावली. सुरुवातीला ब्यांडवाले हसत होते. थोड्या वेळानं त्यांच्यातल्या एकानं कर्णा खाली केला. मग दुसऱ्यानं. त्यांचे मास्तर युसूफसाहेब, पांढऱ्या दाढीचे, डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले. वऱ्हाडी नवरदेवाचा घोडा सोडून आमच्याभोवती गोळा झाले. घोड्यापाशी राहिले फक्त दिनकरराव.

"बंद करा," ते ओरडले.

सांबप्पाचे डोळे मिटलेले होते. माणिकराव धावत आले. "सांबप्पा, थांब बाबा. माझ्या लेकीला त्या घरात नांदायचंय." तरी सनई थांबली नाही, कारण ती अर्ध्या वाटेवर होती. तेव्हा दिनकररावांचा माणूस चंद्रभान पुढं झाला. रुंद छातीचा, नेहमी कमरेला सुरी असलेला गडी. त्यानं भुजंगच्या हातातल्या हलगीत सुरी खुपसली आणि कातडं टराटरा फाडलं. भुजंगच्या पाठीवर दोन काठ्या बसल्या. मग सनई थांबली.

"माझ्या ब्यांडावर मांगाची हलगी चढायली?" दिनकरराव म्हणाले. "पुन्यांदा ऐकू आली तर हात ठेवणार न्हाई."

लग्न उरकल्यावर युसूफसाहेब देवळात आले. सांबप्पाचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "मियां, हैदराबाद आव. तबकडी भरनेवाले लोगां मेरे पहचान के हैं. ऐसा बाजा मैं सुना नईं." आम्हाला वाटलं, मोठ्या गावचा माणूस, बोलून जाईल. पण फाल्गुनात त्यांचं पत्र आलं. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. फोनोवर वाजते ती तबकडी भरायचा दिवस ठरला होता. तिघांनी यायचं होतं.

भुजंगनं हलगीला नवं कातडं चढवलं. त्याची बायको तानुबाई हसून म्हणाली, "तबकडीत बसून परत येशील का तिकडंच ऱ्हाशील?"

लहान गावात पत्र लपत नाही. माणिकरावांच्या सोयरिकीतून बातमी दिनकररावांच्या वाडीला पोचली.

आम्ही पहाटेच पूर्णेच्या वाटेला लागलो. दिवस वर आला तेव्हा रेल्वेचा सिग्नल दिसायला लागला होता. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, कणसं भरलेली. सांबप्पा चालता चालता गुणगुणत होता. तेवढ्यात शाळूतून चार माणसं वाटेवर आली. पुढं चंद्रभान. आज त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"कुठं चाललाव?"

"हैदराबादला," सांबप्पा म्हणाला. "मालकाचं आमी काय बिघडवलंय?"

"नाक कापलंस त्यांचं. आन आता साऱ्या मुलखाला ऐकवायला जायलास व्हय?"

त्यानं कुऱ्हाड उलटी धरली आणि तिचा तुंबा सांबप्पाच्या तोंडावर घातला. तो आवाज मी अजून विसरलो नाही. सुकलेली फांदी मोडावी तसा. सांबप्पा गुडघ्यावर बसला. त्याच्या तोंडातून रक्त आणि दात एकदमच मातीत पडले. चंद्रभाननं त्याचे केस धरून डोकं वर केलं आणि दुसरा घाव जबड्यावर घातला.

भुजंग तोवर एकाला आडवा करून दुसऱ्याशी झुंजत होता. तो माझ्याकडं पाहून ओरडला, "शिवलिंग, ये! धर ह्याला!"

मी पळालो.

कुणी मला पळ म्हटलं नव्हतं. माझ्या मागंही कुणी आलं नाही. वीसेक पावलांवर शाळूत पालथा पडलो आणि धाटांच्या फटीतून सगळं पाहत राहिलो. भुजंगला तिघांनी खाली पाडलं. एकानं त्याचा उजवा हात दगडावर ठेवला, दुसऱ्यानं वरून दगड घातला. एकदा, दोनदा, पाचदा. भुजंग गुरासारखा ओरडला. चंद्रभान म्हणाला, "आता ह्या गुरवाला संपवू," आणि कुऱ्हाड सुलटी करून सांबप्पावर उचलली. तेव्हा भुजंग कसा उठला ते मला सांगता यायचं नाही. त्यानं डाव्या हातानं कुऱ्हाडीचा दांडा धरला, हिसकला आणि चंद्रभानच्या मानेवर घाव घातला. चंद्रभान वाटेवरच कोसळला. त्याचे पाय थोडा वेळ माती खरडत राहिले, मग थांबले. बाकीचे तिघं पळाले.

आरडाओरडा ऐकून रुळांवर काम करणारे खलाशी आले. मी त्यांच्या मागून, आत्ताच पोचल्यासारखा, शाळूतून बाहेर आलो. भुजंगनं माझ्या अंगाकडं पाहिलं. कपड्यावर रक्ताचा एक थेंब नव्हता.

खटला परभणीला चालला. दिनकररावांचे तीन साक्षीदार म्हणाले, भुजंगनं जुन्या रागातून कुऱ्हाड आणली आणि वाटेवर दबा धरला. सांबप्पाला बोलायला उभं केलं. त्याचा जबडा वाकडा जुळला होता, पुढचे दात गेले होते. तो काय म्हणतोय ते फक्त आम्हा घरच्यांना कळायचं. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, कारकुनानं कान पुढं केला आणि शेवटी कागदावर लिहिलं की साक्ष समजत नाही. मग माझं नाव पुकारलं गेलं.

आदल्या दिवशी दिनकररावांचा निरोप आला होता. "एका भावाचे दात गेलेत. दुसऱ्याचे हायेत अजून."

कुऱ्हाड कुणाची होती, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"मी म्होरं गेलो होतो," मी म्हणालो. "मी काय पाह्यलं न्हाई."

सांबप्पा मागं बसला होता. त्यानं घशातून एक आवाज काढला. भुजंगनं माझ्याकडं पाहिलंच नाही. त्याला जन्मठेप झाली.

त्यानंतर दोन वर्षं घरात सांबप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलला. सनई त्याच्यानं वाजत नव्हती. ओठ दातांवर टेकल्याशिवाय सनईच्या तोंडाची पत्ती धरता येत नाही. देवळात मी वाजवायचो. तो खांबाला टेकून ऐकायचा आणि मी चुकलो की मान वळवायचा.

मग माणिकरावांनी परभणीहून फोनो आणला. बाजारच्या दिवशी ओसरीवर मांडला. सारं गाव जमलं. एका तबकडीवर सनई होती, कुणा लांबच्या वादकाची. लोक माना डोलवायला लागले. वादक बरा होता. पण सांबप्पा जिथून सहज पलीकडं जायचा तिथं हा येऊन थांबायचा. पाठीमागं तबला होता, तो नुसताच मागून चालत होता. सांबप्पा अंगणात उकिडवा बसून ऐकत होता. त्याच्या मांडीवर त्याची बोटं हलत होती, सनईच्या भोकांवर हलावीत तशी.

ती बोटं मला बघवेनात. मी ओसरीवर चढलो, फिरती तबकडी उपसली आणि पायरीच्या दगडावर आपटली. तिचे तुकडे झाले.

माणिकराव ओरडले. पण त्यांच्या आधी सांबप्पा माझ्यापाशी पोचला. त्यानं आयुष्यात माझ्यावर हात उचलला नव्हता. पहिल्या फटक्यात मी खाली पडलो. त्यानं मला गळ्याला धरून उठवलं आणि पुन्हा मारलं, तोंडावर, कानावर, छातीवर. लोक ओढत होते, तो सुटत होता. मारताना तो बोलत होता. बाकीच्यांना नुसती घरघर ऐकू येत होती, मला एकेक शब्द कळत होता.

"तबकडीतल्यानं नुसतं वाजवलंय! त्यानं काय केलं तुला? भुजंगचं तोंड बांधलंस, त्याच्यासाठी तोंड उघड!"

मी तसाच, रक्ताळलेल्या तोंडानं, मांगवाड्यात गेलो. तानुबाई दारात खुरप्याला धार लावत होती.

"वैनी," मी म्हणालो, "मी शाळूत होतो. मी सगळं पाह्यलं. कुऱ्हाड चंद्रभानची होती. भुजंगनं आमच्या अण्णाला वाचवलं."

तिला कळायला वेळ लागला. मग तिनं हातातलं खुरपं फेकून मारलं. ते माझ्या कपाळाला लागलं. मी हललो नाही. ती उठून जवळ आली आणि माझ्या अंगरख्याला धरून म्हणाली, "दोन वरसं तू माझ्या दारावरनं देवळात जायलास. रोज. आन आज सांगायलास?"

"जज्जापुढं बोलतो."

"चल मंग. आत्ताच चल."

रस्ताभर ती माझ्या मागं चालली, पुढं नाही. मी पुन्हा पळेन असं तिला वाटत असावं. परभणीला वकिलानं अर्ज लिहिला. खोटी साक्ष दिली म्हणून मला सहा महिन्यांची कैद झाली. ती मी भोगली. घरी परतलो तर देवळाच्या दाराची कडी कुणीतरी उखडली होती आणि आमच्या गोठ्याला आग लागली होती. दिनकरराव तसेच राहिले. त्यांना कुणी काही विचारलं नाही. पण भुजंगची शिक्षा कमी झाली.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात तो सुटून आला. उजव्या हाताची बोटं पंज्यात वळली होती, उघडत नव्हती. तो आधी सांबप्पाला भेटला. दोघं देवळामागच्या लिंबाखाली बसले. सांबप्पा बोलत होता आणि भुजंगला सारं कळत होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. भुजंगनं तो डाव्या हातानं घेतला, पाणी पिऊन तांब्या जमिनीवर ठेवला, माझ्या हातात दिला नाही.

तो माझ्याशी कधीच बोलला नाही. मी त्याच्या दारावरून रोज जातो.