महापौरांचा उजवा बूट

मी एक जुना गमबूट आहे. उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच असतो, पण तो फारसा बोलत नाही, म्हणून दोघांची हकीकत मीच सांगतो. सध्या आमचा मुक्काम आयर्लंडमधल्या ॲथलोन गावी, एका भाड्याच्या घरात आहे. इथे आमच्या जातीला 'वेली' म्हणतात. नाव बदलल्याने काही बिघडत नाही. पाऊस तोच, चिखल तोच, थंडी मात्र जास्त.

मित्रांनो, माझा जन्म इंडोनेशियात, जावा बेटावरच्या रबराच्या कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा काळाकुळकुळीत होतो. दुकानात खुंटीला लटकताना वाटायचं, एखादा भातशेतीवाला घेईल. घेतलं ते नगरपालिकेच्या एका अभियंत्याने. त्यांचं नाव दार्मो. आपण 'राव' म्हणतो तसं तिकडे आदराने 'पाक' म्हणतात, म्हणून सगळे त्यांना पाक दार्मो म्हणत. नाले आणि गटारं हे त्यांचं खातं. थोडक्यात, ज्या खात्यात कुणी आनंदाने बदली मागत नाही, ते.

पाक दार्मोंची कामाची एक रीत होती. सकाळी कचेरीत जाण्याआधी ते कुणालाही न कळवता एखाद्या वस्तीत जायचे, नाल्याचं झाकण उचलायला लावायचे आणि स्वतः आत उतरायचे. अहवालात जो नाला साफ असायचा, त्यात माझ्या नडगीपर्यंत गाळ लागायचा. मग ते खालूनच मुकादमाला हाक मारायचे. मुकादम वर उभा राहून डोकं खाजवायचा. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नाही. ते फक्त म्हणायचे, "या, तुम्हीही या खाली."

पुढे लोकांनी त्यांना महापौर म्हणून निवडून दिलं. महापौर झाला की माणूस गाडीच्या काचेआडून हात हलवतो, अशी जगाची रीत आहे. यांनी गाडीत आमच्यासाठी एक जुनं पोतं अंथरलं आणि उतरणं चालूच ठेवलं. हळूहळू साहेब लोकांच्या टेबलांखाली गमबूट दिसू लागले. काहींचे इतके चकचकीत असत की त्यांनी पाणी पाहिलंच नसावं. वर्तमानपत्रांत आमचे फोटो येत. त्यांत पाक दार्मोंचा चेहरा लहान आणि मी मोठा दिसायचो. खरं सांगतो, मी बराच शेफारलो होतो.

मग त्यांना साखरेचा आजार जडला. एकदा डाव्या बुटात खडा शिरला. साखर असलेल्या माणसाला पायाचं दुखणं लवकर कळत नाही. जखम चिघळली आणि शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. तेव्हापासून डावा गप्प आहे. पाय ओला करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. महिन्याभरात पाक दार्मो पुन्हा नाल्यात उतरले.

त्यांच्या लेकीचं नाव लारास. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात ही दोघंच. २०२०च्या सुरुवातीला ती पुढच्या शिक्षणासाठी ॲथलोनला निघाली, तेव्हा स्वेटरांच्या खाली तिने आम्हांला बॅगेत कोंबलं. तिकडे पाऊस फार असतो, असं तिने वडिलांना सांगितलं. पण आम्ही तिच्या पायांना तीन बोटं मोठे होतो. तिचा हिशेब वेगळाच होता. बूटच नसतील तर बाबा उतरतील कशाला? तो खराही ठरला, कारण त्या वर्षी महामारी आली आणि महापौर कचेरीतच अडकले. नवे गमबूट त्यांनी घेतले नाहीत.

ॲथलोनमध्ये लारास केतकीच्या घरी खोली घेऊन राहिली. केतकी नागपूरची, एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. तिची आई, सुलेखाकाकू, तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या आणि विमानंच बंद झाल्यामुळे इथेच राहिल्या. चपला-बूट दाराबाहेर काढायचे, यावर नागपूर आणि जावा यांचं पहिल्याच दिवशी एकमत झालं. शेजारचे डेक्लन कुंपणावरून म्हणाले, "पावसाने भरतील ना हो!" काकूंनी आम्हांला उलटं करून ठेवलं. डेक्लन म्हणाले, "ग्रँड!" म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', आणि प्रश्न मिटला.

"एवढाले बूट कोणाचे गं?" काकूंनी विचारलं होतं.

"माझ्या बाबांचे. ते महापौर आहेत," लारास इंग्रजीत म्हणाली.

"महापौर? अन् गमबूट? आमच्याकडे महापौर म्हटलं की हार अन् फीतच दिसते बाप्पा," काकू म्हणाल्या. केतकीने भाषांतर केलं आणि लारास खूप हसली.

२०२०च्या अखेरीस पाक दार्मोंची मुदत संपली. ते आता विश्रांती घेणार असं वाटत असतानाच राजधानीहून बोलावणं आलं. साऱ्या देशाच्या पूरनिवारणाचं काम त्यांच्याकडे दिलं गेलं. बढतीच ती, आणि मोठी. लारासला कोण आनंद झाला! राजधानीत गालिचे असतात, लिफ्ट असते, पाणी पेल्यातच असतं. काकूंनी शिरा केला. मी दाराबाहेर उलटा उभा होतो. मलाही वाईट वाटलं नाही. नोकरी संपते, तशी माझी संपली होती.

फेब्रुवारीत त्यांच्याच जुन्या शहरात पूर आला. राजधानीतून साहेब पाहणीला गेले आणि दुसऱ्या दिवशी एक फोटो लारासच्या फोनवर येऊन धडकला. एकाने नव्हे, तिच्या तिकडच्या निम्म्या वर्गमित्रांनी तो धाडला होता. गुडघाभर पाण्यात चार कर्मचारी उभे, त्यांच्या खांद्यावर प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत पाक दार्मो. पायांत कचेरीतले काळे चकचकीत कातडी बूट, अगदी कोरडे. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आधी गमबूट होते, आता पालखी आहे.'

तिला जे हवं होतं ते झालं होतं. तरी ती स्वयंपाकघरात ताठ बसून राहिली. मग दार उघडून आम्हांला आत आणलं आणि वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. काकू कणीक मळत होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, पण त्यांचा हात थांबला.

"बापा, तुम्ही माणसांच्या खांद्यावर बसलात," लारास म्हणाली.

"पाय कोरडे ठेवा, असं तूच म्हणायचीस," पाक दार्मो शांतपणे म्हणाले. "बूटही तूच नेलेस. खुर्ची आणली त्यांनी, मी बसलो."

"त्या चौघांत दोघं तुमचे जुने मुकादम होते. ज्यांना तुम्ही 'या खाली' म्हणायचात."

पाक दार्मो थकलेले दिसत होते. मग त्यांनी विचारलं, "उद्या दुसऱ्या वस्तीत जायचं आहे. सांग, मी काय करू?"

लारासने आमच्याकडे पाहिलं. तिने फोन ठेवला. एका बाजूला वडिलांचे पाय होते आणि दुसऱ्या बाजूला नाल्यात उतरणारे वडील होते. दोन्ही हवेत, असं तिला म्हणायचं होतं, पण ते कुणाकडे मागायचं हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, क्लिप आली. केतकी आणि काकू दोघी तिच्या खांद्यावरून पाहत होत्या. टेबलाखालून मीही पाहिलं. गाडी थांबली. कर्मचारी खुर्ची घेऊन पुढे आले. पाक दार्मोंनी खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच खुर्चीवर बसून बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि अनवाणीच पाण्यात उतरले. नऊ बोटांनी. काठावरची माणसं ओरडू लागली. कोण आनंदाने, कोण घाबरून, ते कळत नव्हतं.

मित्रांनो, इतकी वर्षं मला वाटायचं की ते माझ्यामुळे पाण्यात उतरतात. त्या सकाळी ते भूत उतरलं.

"आत काचा असतात! खिळे असतात!" लारास फोनवर किंचाळली, जणू त्यांना ऐकू जाणार होतं. मग ती रडू लागली.

"अगं, रडून काय राहिली?" काकूंनी हात पुसले, वाकून आम्हांला टेबलाखालून ओढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. "तो माणूस उतरणारच. मग बूट इथं काय करून राहिले?"

"आई, ते मोठे साहेब आहेत. नवे घेतील ना," केतकी म्हणाली.

"घ्यायचे असते तर वर्षभरात घेतले असते," काकू म्हणाल्या. केतकी उठली आणि खोकं शोधू लागली.

आता मी त्या खोक्यात आडवा आहे. काकूंनी मला आतून-बाहेरून पुसलं, तळव्याचा जोड दाबून पाहिला, आणि आमच्या पोटात लोकरी मोजे कोंबले. एक गोष्ट तुम्हांलाही सांगून ठेवतो. घरातल्या कुणालाही साखर असेल, तर त्यांनी बुटात पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटका आणि आत हात फिरवून बघा. रात्री त्यांचे तळवे पाहा. आम्हांला चकचकीत ठेवलं नाही तरी चालेल, पण हे मात्र विसरू नका.

झाकण बंद झालं आहे. केतकी चिकटपट्टी ओढते आहे, तिचा करकर आवाज येतो आहे. पुठ्ठ्याच्या पलीकडे लारास पुन्हा वडिलांशी बोलते आहे.

"बापा, बूट निघाले आहेत. ते पोचेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही."

"बरं. आणि पोचल्यावर?"

चिकटपट्टीचा आवाज थांबला.

"पोचल्यावर उतरा," लारास म्हणाली.