घरात फक्त इंग्लिश

"बाबा, तुम्ही आणि आई इंग्लिशमध्ये भांडता तरी कसे?"

प्रश्न टकळीचा नव्हताच मुळी. लंबू आणि चष्मिस या तिच्या दोन मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैज लावून तो तिच्या गळ्यात मारला होता, आणि अटीही घातल्या होत्या. विचारायचा तो जेवताना, विचारायचा तो इंग्लिशमध्येच, आणि विचारताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलता कामा नये. टकळीने सगळ्या अटी पाळल्या. इंग्लिश तर असं फाडलं, की त्या दोघी असत्या तर गारच पडल्या असत्या.

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने भाजीच्या पातेल्याकडे पाहिलं. मग बाबांनी मनातल्या मनात शब्दाला शब्द जोडला, घसा खाकरला आणि वर्गात उभं केलेल्या मुलासारखे ताठ होत म्हणाले, "वुई डू नॉट फाइट. वुई आर अ हॅपी फॅमिली."

पुस्तकातलं वाक्य! 'माझे कुटुंब' या पाठातलं, शेवटून दुसरं! टकळीच्या नाकातून पाणी यायचंच बाकी राहिलं. ती खो खो हसली, बाबाही तिच्याकडे बघून हसले. आई मात्र हसली नाही. "मोअर वॉटर?" असं म्हणून तिने तांब्या पुढे केला आणि जेवण पुढे सुरू झालं. सुरू झालं म्हणजे काय, चमच्यांचे आवाज सुरू झाले.

घरात हा कायदा आणला होता बाबांनीच. टकळीची मोठ्या शाळेसाठी मुलाखत ठरली, तेव्हा तिचे शाळेतले सर बाबांना म्हणाले होते, "पोरगी हुशार आहे हो, पण घरात वातावरण हवं." झालं. आपल्या दुकानाबाहेर वाट अडवून बसलेल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून बाबांनी 'रोजच्या संभाषणाची वाक्यं' आणलं, दाराच्या आत उभं राहून जाहीर केलं, "आजपासून मुलाखतीपर्यंत या उंबऱ्याच्या आत फक्त इंग्लिश. जो चुकेल त्याने भांडी घासायची." पहिल्या दिवशी भांडी बाबांनीच घासली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवसापासून ते चुकायचे थांबले, कारण ते बोलायचेच थांबले.

आता हे बाबा म्हणजे कोण, तर न्हावी. दिवसभर लोकांच्या डोक्याशी आणि लोकांच्या गप्पांशी खेळ. पूर्वी संध्याकाळी घरी आले, की चपला काढता काढता सुरू व्हायचे, "अगं, आज तो जाड्या वकील आला होता, अर्धी दाढी झाली आणि बायकोचा फोन..." आणि आई, जी दिवसभर हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करून मान मोडून यायची, ती "पुरे, पुरे, खोटारडे कुठले!" म्हणत डोळ्यांतलं पाणी पुसायची. आता बाबा आले, की टकळी विचारायची, "हाउ वॉज युवर डे?" आणि बाबा म्हणायचे, "इट वॉज अ गुड डे. थँक यू." रोज गुड. वकिलाचं काय झालं, कोण जाणे.

आईने पळवाट शोधली होती. ती कचरा टाकायला जायची आणि तासाभराने उगवायची. जिना कायद्याच्या बाहेर होता ना! खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंशी तिचं बोलणं जिन्यातून वर यायचं, हसणंही यायचं. मग ती दार लोटून आत आली, की तोंड मिटायची.

टकळी मात्र सुटली होती. पूर्वी इंग्लिशच्या तासाला नाव पुकारलं तरी जिची बोबडी वळायची, ती आता हात वर करून उठायची. विनंती, आभार, तक्रार, आमंत्रण, नकार, एकेक पाठ ती आरशासमोर घोटून घ्यायची. तिला वाटायचं, आपल्याला पंख फुटलेत. घर जरा शांत झालंय, इतकंच. मोठ्या शाळांमधल्या मुलींची घरं अशीच शांत असत असतील.

दुसऱ्या दिवशी तिने 'हॅपी फॅमिली'ची नक्कल केली, तेव्हा लंबू बाकावर आडवी झाली.

"तुझे बाबा म्हणजे अफलातून आहेत!" चष्मिस डोळे पुसत म्हणाली. "बरं, त्यांना दुकानात नवीन जोडीदार मिळाला का गं?"

"कसला जोडीदार?"

"अगं, फळीकाकांच्या जागी. आमचे बाबा परवा केस कापून आले, म्हणाले, शेजारची खुर्ची अजून रिकामीच आहे."

टकळी बाकाच्या कडेवर टेकली.

"तुला माहीत नाही?" चष्मिसने चष्मा वर सरकवला. "त्यांचा हात थरथरायला लागला म्हणे. कुणाला लागायच्या आत आपणच वस्तरा खाली ठेवला त्यांनी. मुलाकडे गेले, कायमचे. जायच्या आधीच्या रविवारी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलं होतं दुकानात. आम्हीसुद्धा गेलो होतो. मला वाटलं, तू सर्दीबिर्दीने झोपली असशील."

"माहीत आहे की मला," टकळी म्हणाली. आणि गप्प झाली. टकळी गप्प! लंबूने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

फळीकाका हे नाव तिनेच ठेवलेलं. लहान मूल आलं, की ते खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकायचे आणि मुलाला वर बसवायचे. टकळीचे पहिले केस त्याच फळीवर कापले गेले. तिने भोकाड पसरलं, तर काकांनी आधी स्वतःच्या मिशीची दोन टोकं कापून दाखवली होती म्हणे, "बघ, दुखतं का?" बाबा आणि ते एकाच आरशासमोर, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, टकळीच्या जन्माच्या आधीपासून काम करत होते. एकाने गोष्ट सुरू करायची आणि दुसऱ्याने संपवायची, अशी त्यांची रीत होती.

शाळा सुटल्यावर ती घरी न जाता दुकानाकडे वळली. आत जायचं तिचं धाडस होईना. ती काचेबाहेर उभी राहिली.

दुसऱ्या खुर्चीवर पांढरं कापड टाकलेलं होतं. कापडावर घडीच्या रेषा तशाच होत्या. बाबा आपल्या खुर्चीमागे उभे होते आणि बोलत होते. केवढे बोलत होते! कात्री हवेतच चालत होती, भुवया वर जात होत्या, मध्येच ते रिकाम्या खुर्चीकडे हात करत होते. एकदा ते थांबले आणि बाहीने डोळे पुसले. खुर्चीतल्या माणसाने कापडाखालून हात काढून त्यांच्या मनगटावर ठेवला. तो कोण होता, टकळीला ठाऊक नव्हतं. तिने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. पण तिच्या बाबांचं दुःख तो ऐकत होता, आणि ती काचेबाहेर दप्तर धरून उभी होती.

आणि मग तिला तो शनिवार आठवला.

त्या संध्याकाळी बाबा जेवताना सारखे तिच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले होते, "टुमॉरो... यू कम. शॉप. अंकल..." पुढे शब्द सापडेना. हाताने त्यांनी खुर्चीसारखं काहीतरी दाखवलं. "अंकल... वॉन्ट..." आणि टकळीने काय करावं? नकाराचा पाठ तिचा त्याच दिवशी पाठ झाला होता. तिने मान तिरकी केली, गोड हसली आणि एका दमात म्हणाली, "आय अ‍ॅम अफ्रेड आय अ‍ॅम बिझी टुमॉरो. पर्हॅप्स सम अदर टाइम."

बाबांनी टाळ्या वाजवल्या होत्या. खरोखर वाजवल्या. "व्हेरी गुड! व्हेरी गुड!" म्हणाले होते. तिचं वाक्य इतकं सुंदर होतं, की त्यांनी आपलं वाक्य गिळून टाकलं.

टकळी घरी आली तेव्हा आई जिन्यातच होती. "आई, फळीकाका गेले ते तुला माहीत होतं?"

शिंपीणबाई आत निघून गेल्या. आई कचऱ्याचा रिकामा डबा हातात घेऊन कठड्याला टेकली. "शिंपीणबाईंकडून कळलं गं. त्यांच्या नवऱ्याने सांगितलं त्यांना. यांना विचारलं मी त्या रात्री, पण विचारलं ते असं, 'आर यू फाइन?' ते म्हणाले, 'आय अ‍ॅम फाइन.' वाटलं, उगाच तुझ्या अभ्यासात..."

बाबा आले. चपला काढल्या. हात धुऊन ताटावर बसले आणि टकळीच्या प्रश्नाची वाट बघू लागले. ती काही विचारीना, तेव्हा त्यांनीच विचारलं, "हाउ वॉज युवर डे?"

"फळीकाका माझ्याबद्दल काय म्हणाले बाबा?" टकळीने विचारलं. मराठीत.

बाबांचं बोट लगेच वर गेलं. "इंग्लिश," ते हळूच म्हणाले. "इंटरव्ह्यू."

"सांगा ना. त्या रविवारी. मी नाही आले, तेव्हा काय म्हणाले ते?"

बाबांनी बोट खाली घेतलं. घशापर्यंत आलेलं त्यांनी मागे लोटलं आणि शब्द शोधू लागले. टकळीला तो शोध दिसत होता, पाठामागून पाठ. "ही कट... नो. ही वेट," ते म्हणाले. "इव्हनिंग... अप टू इव्हनिंग. ही कीप द..." त्यांनी दोन्ही हात लांब करून हवेत फळी आडवी धरली. फळीला काय म्हणतात, त्यांना माहीत नव्हतं. ते तसेच हात धरून बसले, आणि इतकं होऊनही त्यांच्या तोंडून मराठी निघालं नाही. लेकीचं भलं व्हावं म्हणून.

आईने पदर तोंडाशी नेला.

टकळीने बाबांचे हात खाली घेतले.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "मुलाखतीचं काय व्हायचं ते होऊ दे. इंग्लिश मी सरांशी बोलेन, मैत्रिणींशी बोलेन, रस्त्यावरच्या खांबांशी बोलेन. या घरात ते आजपासून बंद. आणि येत्या रविवारी सराव नाही, काही नाही. सकाळच्या पहिल्या बसने आपण तिघं फळीकाकांकडे जातोय. मला माझे केस त्यांच्याकडूनच कापून घ्यायचेत, हात थरथरला तरी चालेल."