डोहातील विष

धसईच्या अलीकडे नदीकाठी वसलेल्या एका लहानशा गावात नामा हा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस होता. डोहालगतच्या विहिरीचे पाणी तो रोज प्रातःकाळी गावाच्या नळांना सोडीत असे. त्या सोमवारी नळ सोडून तो काठावर आला, तो डोहात मेलेले मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते आणि फवारणीच्या औषधाचा उग्र दर्प सुटला होता. नामाने तत्काळ पाणी बंद केले व "पाणी पिऊ नका गो!" असे ओरडत तो दारोदार धावला. तथापि रखमी म्हातारीच्या पोटात ते गेलेच होते. मुरबाडच्या दवाखान्यात ती तीन दिवस मरणाच्या दारात पडून राहिली आणि कशीबशी वाचली.

औषध कोणी ओतले, हे नामाला कोणी सांगण्याची गरज नव्हती. गेल्या शिमग्याला त्याचा मेहुणा देवजी याने मासे मारण्याकरिता हाच उद्योग केला होता. सुदैवाने तेव्हा कोणास बाधा झाली नाही. "दाजी, भागीची शपथ, परत नाय करणार," म्हणून त्याने पाय धरले, आणि बायको भागीच्या मायेपोटी नामाने मौन पत्करले.

या खेपेस देवजीच्या पडवीत रिकामी बाटली सापडली. देवळात गावकी बसली.

"ओतलं मी," देवजी म्हणाला. "पण मासं मरावं म्हणून. माणसावर माझा काय राग नाय."

"विषाला मासा न् म्हातारी कळतंय काय रे?" रखमीची सून लहानी कडाडली.

देवजीने नजर फिरवली. "दाजींना इचारा ना! गेल्या साली पण ओतलेलं, त्यांना ठाव होतं. पाण्याचा राखणदारच गप्प, मग मी कशाला भिऊ? नळ पण त्यांनीच सोडलं."

ज्या गुपिताने त्याला तारले, त्याचाच त्याने नामाच्या गळ्याला फास लावला. भागीने मान खाली घातली.

गावकीचे प्रमुख किशोर पाटील यांनी निवाडा दिला, "देवजीनं देवापुढं नारळ ठेवून माफी मागावी. घरातलं भांडण पोलिसांत नको. नामानं उद्यापासून काम सोडावं."

सर्वांनी माना डोलावल्या. त्या शिमग्याचे मासे, ते कसे मारले हे न विचारता, अर्ध्या गावाने चवीने खाल्ले होते.

"माझी चूक मला मान्य," नामा उठून म्हणाला. "पण ओतणाऱ्याला नुसती नारळावर माफी, न् गप्प बसणाऱ्याची भाकरी गेली? ह्यो न्याय नाय, पाटील."

"घरचाच माणूस उलटला गो," देवजी बहिणीला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नामा लहानीसह मुरबाडच्या पोलीस ठाण्यात उभा राहिला.

"कोणाविरुद्ध तक्रार?" हवालदाराने विचारले.

"आधी देवजीचं नाव लिवा, मग माझं."

"तुलाही शिक्षा होईल, कळतंय ना?"

"होऊ द्या साहेब. पण ज्याची त्याला, ज्याच्या त्याच्या मापाची."

भागी पहाटेच कपड्यांचे गाठोडे घेऊन भावाच्या घरी निघून गेली होती.